उत्तर नाही, असं मी लिहिलं

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, मुलं काय काय बोलतात ते वाचायला लोकांना आवडतं. माझ्याकडे गमती पुष्कळ आहेत. सत्तावीस वर्षं मी लहान मुलांना प्रश्न विचारायची नोकरी केली. पण लिहायला बसले आणि तिसऱ्याच पानावर अकोटच्या एका घरापाशी येऊन थांबले. चार दिवस तिथेच अडकून होते. मग ती पानं फाडली आणि ठरवलं, की गमती थोड्या सांगायच्या आणि बाकीची जागा त्या घराला द्यायची. तिथे जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. अमरावतीच्या एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात एक मोठा प्रकल्प होता. मुलांचा विचार कसा वाढत जातो, आणि त्याच्यावर कशाकशाचा परिणाम होतो, हे बघायचं. आईचं शिक्षण, घरातली भाषा, खाणंपिणं, भावंडं, घरी कोणी गोष्टी सांगतं की नाही, सगळं. त्यासाठी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळा निवडलेल्या. एकच मूल सहाव्या वर्षी, मग नवव्या वर्षी, मग बाराव्या वर्षी असं तीनदा तपासायचं. कागदोपत्री मी 'क्षेत्र अन्वेषक' होते. गावांमध्ये मला पेटीवाली बाई म्हणत, कारण माझ्याबरोबर कायम एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात दोन काचेचे ग्लास, एक उंच निमुळता ग्लास, दोन बाहुल्या, एक टोपली, एक डबा, गोट्या, चित्रांची कार्डं आणि पेपरमिंटच्या गोळ्या.

तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे, असं आम्ही प्रत्येक आईला समजावून सांगत असू. कोणाला पटायचं नाही. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक आई दाराच्या फटीतून बोटं दाखवून मुलाला उत्तरं सांगत होती, आणि ती उत्तरंही चुकीची होती. अकोल्यात एका आजोबांनी हट्टच धरला, नातवाच्या आधी माझी घ्या. घेतली. पाण्याच्या प्रश्नात ते अडकले आणि माझ्यावरच रागावले, की ग्लास सारखे नाहीत, तुम्ही फसवता.

हा पाण्याचा प्रश्न समजून घ्यायला हवा. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी ओतायचं आणि विचारायचं, सारखं आहे का? मूल हो म्हणतं. मग त्याच्यासमोर एका ग्लासातलं पाणी उंच निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं, आता? बहुतेक लहान मुलं म्हणतात, उंच ग्लासात जास्त आहे. वय वाढलं की सांगतात, सारखंच, फक्त ग्लास बदलला. आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते हे डोक्यात कधी येतं, ते त्यावरून कळतं. निदान आम्हाला कळतं असं वाटायचं.

दर्यापूरला काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या एका माणसाचा मुलगा होता, सहा-सात वर्षांचा. त्याने पहिल्यांदा सारखं म्हटलं, दुसऱ्यांदा उंच ग्लासात जास्त म्हटलं. मी चूक अशी खूण केली. तपासणी संपली आणि मी तेच पाणी प्यायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला, सारखंच होतं पण. मी विचारलं, मग जास्त का म्हणालास? त्याने अगदी सरळ सांगितलं, "तुमी दोनदा इचारलं. गुरुजी दोनदा इचारते तवा पयलं उत्तर चुकलं रायते."

परत आल्यावर विभागात हा किस्सा मी चहाबरोबर सांगितला. सगळे हसले. मीही हसले. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत राहिले. तो मुलगा मला काहीतरी बजावत होता हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्या कागदावरची चुकीची खूणही मी बदलली नाही, कारण नियम होता, तपासणीच्या वेळी बोललेलंच धरायचं.

आता अकोट.

शाळेचं नाव सांगत नाही. खोल्या कमी, मुलं जास्त. मला तांदळाच्या पोत्यांची खोली दिली होती. पोत्यांना टेकून चटई अंथरली आणि पेटी उघडली. एकेक मूल आत यायचं, बाहुल्या पाहायचं आणि त्याची जीभ सुटायची. सकाळपासून सात-आठ मुलं झाली. मग नसरीन आली. सहा वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. तिचे वडील याकूब भाई बस स्टँडमागच्या गल्लीत गाद्या-रजया भरतात, एवढं माझ्या यादीत लिहिलेलं होतं.

ती मांडी घालून बसली, हाताची घडी केली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी नाव विचारलं. बोलली नाही. पाण्याचा प्रश्न झाला. गप्प. बाहुल्यांचा झाला. त्यात एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती गोटी काढून डब्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल, असं विचारायचं. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मुलाला कळतं का, ते त्यावरून बघतात. बोट दाखवलं तरी चालतं. तिने बोटही दाखवलं नाही. मी हिंदीत विचारून पाहिलं. नाही. शेवटी पेपरमिंटची गोळी बशीत ठेवून सांगितलं, मी बाहेर जाऊन येते, तोवर खाल्ली नाहीस तर दोन मिळतील, थांबशील का? ती काहीच म्हणाली नाही. परत आले तर गोळी तशीच होती आणि हाताची घडीही तशीच होती. पण थांबते किंवा नाही थांबत असं मुलाने सांगायला हवं असतं. तिने सांगितलं नव्हतं. मी त्या रकान्यातही 'उ. ना.' लिहिलं. उ. ना. म्हणजे उत्तर नाही. बरोबरला एक गुण, चुकीला शून्य, उ. ना.लाही शून्य. गोळ्या मी तिची मूठ उघडून हातात ठेवल्या.

शेवटी शेऱ्याची जागा असते. तिथे मी लिहिलं, 'आकलन वयाच्या मानाने फार मागे. मूलभूत संकल्पना आढळल्या नाहीत.' हा शेरा लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. दोन वाजत आले होते आणि भूक लागली होती.

यानंतर मी जे केलं ते मॅडमना कळायला तीन वर्षं गेली. विभागाच्या आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, नियमाच्या कडक होत्या. मुलाचा कागद शाळेला दाखवायचा नाही, पालकांना दाखवायचा नाही, कुलूप लावलेल्या पेटीतून थेट विभागात आणायचा. मला हे पाठ होतं. पण त्या दिवशी मुख्याध्यापकांनी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही तज्ज्ञ आहात, आमची मुलं कशी वाटली? बारावी झाल्यावर लागलेली मी, बाहेरून बी.ए. केलेली. तज्ज्ञ असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी पेटी उघडली आणि कागद चाळत चाळत त्यांना दाखवले. हा बरा आहे, ही चांगली आहे, आणि ही जरा अवघड आहे. नसरीनच्या कागदावर ते थांबले, शेरा वाचला, मान हलवली. एसटीची वेळ झाली, मी निघाले. तो चहा मला फार गोड लागल्याचं आठवतं.

तीन वर्षांनी दुसरी फेरी आली. अकोटच्या शाळेत मुलं सापडली, नसरीन नव्हती. नवीन मुख्याध्यापिका म्हणाल्या, हे नाव पटावर नाही. अशा मुलांचं घर शोधून तपासणी पूर्ण करायची असते. म्हणून विचारत विचारत याकूब भाईंच्या दुकानापाशी आले.

दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. कापूस पिंजायचं यंत्र बंद होतं, हवेत तंतू तरंगत होते. याकूब भाई रजईला टाके घालत होते आणि बाजूला दहा-अकरा वर्षांची वाटणारी एक मुलगी सुईत दोरे ओवून ठेवत होती. मी कोण ते सांगायच्या आतच एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने आपल्या रजईची चौकशी केली. याकूब भाईंनी हातातलं काम न थांबवता मुलीला विचारलं. ती म्हणाली, यांची साडेपाच बाय सात, रुई चार किलो, वरून निळं, आतून फुलाफुलाचं कापड, कडेनं डबल टाके, आणि आधी पाच किलो सांगितली होती मग एक कमी केली. दुकानात वही नव्हती. गिऱ्हाईक हो हो करत गेलं. लगेच दुसरं आलं, त्याचंही तसंच. मी उभी राहून ऐकत होते.

मग मी म्हणाले, ही तुमची मोठी मुलगी दिसते. मला नसरीनला भेटायचं आहे.

याकूब भाईंनी वर पाहिलं. "हेच नसरीन. मोठी कोनी नाही."

माझ्या हातातली पेटी मी खाली ठेवली. बसायला सांगितलं नव्हतं तरी गादीवर बसले. त्यांना वाटलं ऊन लागलं, त्यांनी आतून पाणी मागवलं. मी विचारलं, शाळेतून का काढलं? ते उठले, आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आले. शाळेच्या शिक्क्याचा. मुख्याध्यापकांनी पालकांना लिहिलेलं पत्र होतं. मी वाचू लागले. मुलगी वर्गाबरोबर चालू शकणार नाही, तिला घरकामात गुंतवणं तिच्या हिताचं होईल, असं होतं. आणि मध्ये अवतरणचिन्हात दोन वाक्यं होती. 'आकलन वयाच्या मानाने फार मागे. मूलभूत संकल्पना आढळल्या नाहीत.' खाली कंसात, तज्ज्ञ तपासणी.

माझेच शब्द होते. फार मागे. दोन शब्द, अर्ध्या मिनिटात लिहिलेले. कोणी तरी माझ्या नावाने सही करून गेल्यासारखं वाटलं, पण सही करणारी मीच होते.

मी याकूब भाईंना विचारलं, तुम्ही ही पोरगी रोज बघता. इतक्या लोकांची मापं ती तोंडी सांगते. तुम्हाला खरं वाटलं हे?

ते रागावतील असं मला वाटलं होतं, नव्हे, त्यांनी रागवावं असंच वाटत होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मले वाटे का पोट्टी चांगली हाय. पन मी गादीवाला मानूस. कागदावर लिवलं होतं ना, मॅडम. शिकेल लोकायनं लिवलं ते आपुन कसं खोटं म्हनाचं?" आतून नसरीनची आई दारात येऊन उभी राहिली होती. ती एकदाच बोलली, हिंदीत, की मी तर तेव्हाही सांगत होते, मुलगी हुं की चूं न करता सगळं ऐकून घेते आणि रात्री सगळं सांगते. पण माझं कोण ऐकणार.

मी नसरीनकडे वळले. मला ओळखतेस का, असं विचारलं.

"वळखते. तुमी पेटीवाल्या बाई." आणि मग तिने न विचारता सांगायला सुरुवात केली. सुईत दोरा ओवत ओवतच. "तुमी दोन गिलास आनले होते, एकाची कोर फुटेल होती. मंग ते पानी लांब गिलासात टाकलं. पानी तेवढंच होतं. अन् बाहुलीनं गोटी टोपलीत ठेवली, दुसरीनं डब्यात लपवली. पयली आल्यावर टोपलीतच पाहीन, तिले काय मालूम डब्यात गेली म्हनून."

कार्डांवरची चित्रंही तिने क्रमाने सांगितली. तीन वर्षांपूर्वीची. त्या ग्लासाची कोर फुटलेली होती हे मी स्वतः विसरले होते. तेव्हा उ. ना. लिहून ओलांडलेला एकेक प्रश्न मी मनात बघत गेले आणि एकेक उत्तर बरोबर येत गेलं. मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस?

"गुरुजीनं सांगतलं होतं. भाईरचं कोनी आलं तं हाताची घडी अन् तोंडावर बोट. जो बोलन त्याचं नाव कापन."

मी म्हणाले, बाकीची मुलं तर बोलली. तिने दोऱ्याची गाठ मारली. "ते इसरले."

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं, की मी जाण्याच्या आदल्या आठवड्यात शाळेत खिचडी बघायला कोणी अधिकारी आले होते, आणि एका मुलाने सांगून टाकलं, की आज शिजलीच नाही. मुख्याध्यापकांना बोलणी बसली. त्यांनी सगळ्या वर्गांना दम भरला. सगळी मुलं तो दम ऐकून बाहुल्या दिसताच विसरली. एका सहा वर्षांच्या मुलीने चाळीस मिनिटं, समोर बाहुल्या, गोट्या आणि गोळी असताना, शब्द पाळला. आणि आम्ही, जे मुलांना स्वतःवर ताबा ठेवता येतो का ते मोजायला पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन हिंडत होतो, त्या आम्ही तिला शून्य दिलं.

पण सगळ्यात वाईट अजून पुढे होतं. मी विचारलं, आता पुन्हा करायचं का? मोठ्या मुलांची कार्डं काढली. त्यात तुटलेल्या नक्षीत कोणता तुकडा बसेल ते ओळखायचं असतं. तिने भराभर ओळखले. कापडाचे तुकडे जुळवावेत तसे. मला बरं वाटू लागलं होतं. मग नियमाप्रमाणे कागद आणि पेन्सिल पुढे केली. तिने हात मागे घेतला. आवाज बदलला नाही, तोंडही पडलं नाही. कोणी आपलं गाव सांगावं तसं तिने सांगितलं, "मले नाही जमत ते. माह्यं डोकं कमी हाय."

मी म्हणाले, अगं, आत्ता तर सगळी उत्तरं सांगितलीस.

ती म्हणाली, "येत होते उत्तरं. पन कागदावर लिवलं का येत नाही. मंग कागदच खरा असन."

मुलांच्या विचारावर कशाकशाचा परिणाम होतो, याची आमच्याकडे लांबलचक यादी होती. त्यात आम्ही स्वतः नव्हतो.

त्या दिवशी मी तपासणी पूर्ण केली नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि दर्यापूर कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभी राहून सगळं सांगितलं, चहासकट. माझी नोकरी जाईल याची तयारी ठेवून गेले होते. मॅडम रागावल्या, कागद दाखवल्याबद्दल फार कठोर बोलल्या, ते इथे लिहीत नाही, पण त्यातलं काही खोटं नव्हतं. मग त्या एकदम थांबल्या. त्यांनी विचारलं, आपण चूक आणि उ. ना. वेगळं मोजलंच नाही, हो ना?

आम्ही दोघींनी कपाटं उघडली. तीन दिवस जुने गठ्ठे काढत होतो. उ. ना. पुष्कळ कागदांवर होतं. कुठल्या शाळांत जास्त, तेही दिसत होतं, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या, आणि जिथे मास्तर कडक अशा. त्यातली किती मुलं खरंच अडली होती आणि किती नुसती गप्प होती, हे आता कोणालाही कळणार नव्हतं. मॅडमनी आधीच एक अहवाल पाठवलेला होता. त्यांनी वर कळवलं, की त्यातले काही निष्कर्ष मी मागे घेते. त्याबद्दल त्यांना काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे. पुढच्या वर्षीपासून आमच्या कागदावर एक नवा रकाना आला, 'मूल का बोललं नाही?' आणि तो भरल्याशिवाय शून्य देता येत नसे. माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा असं काही असेल, तर तो रकाना. आणि तो रकाना का आला हे आठवलं, की अभिमान जागच्या जागी विरतो.

ते मुख्याध्यापक बदलून दुसऱ्या गावी गेले होते. मी त्यांना गाठलं. त्यांना नसरीन आठवत नव्हती. कोण नसरीन, असं त्यांनी खरोखरच विचारलं. मी पत्राची आठवण दिली तर म्हणाले, मॅडम, मी माझ्या मनाने काही लिहिलं नव्हतं, तुमचंच उतरवलं होतं. भांडायला गेले होते, पण भांडायला तोंड राहिलं नाही.

मग याकूब भाईंकडे परत गेले. सांगितलं, तो शेरा चुकीचा होता, मी लिहिला होता, चूक माझी आहे, मुलीला शाळेत घाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तोंडी सांगू नका, लिहून द्या. मी मॅडमच्या सहीचं, विभागाच्या शिक्क्याचं पत्र घेऊन आठवड्याने पुन्हा गेले. याकूब भाईंना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद नसरीनपुढे धरला. ती कागदाकडे बघत राहिली. पहिलीतूनच काढलेली मुलगी, तिला जेमतेम अक्षरं ओळखू येत होती. तिला सगळं येतं असं सांगणारा कागद तिला वाचता येत नव्हता. मीच वाचून दाखवला.

ती ऐकून म्हणाली, "ते बी तुमीच लिवलं, हे बी तुमीच लिवलं. खरं कोनतं?"

सत्तावीस वर्षांत मुलांना हजारो प्रश्न विचारले, त्यातला एकही कोणाला इतका जड गेला नसेल. मी एवढंच म्हणाले, की मला माहीत नाही, तूच बघून सांग.

दुसऱ्या एका शाळेत वयाप्रमाणे तिला चौथीत घेतलं. चौथीत बसून पहिलीची अक्षरं शिकायची हे सोपं नव्हतं. पोरं हसायची. तिथल्या एक शिक्षिका शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायच्या. मी महिन्यातून एका शनिवारी जायचे, पेटी न घेता. सातवीपर्यंत ती चालली, आठवीत गाडी अडली, एकदा तर वार्षिक परीक्षेला गेलीच नाही. याकूब भाईंनी तेव्हा मला फोन केला आणि म्हणाले, मॅडम, पुन्हा कागद नका लिवू, नुसतं येऊन बसा. मी जाऊन बसले. दहावी तिने दुसऱ्या प्रयत्नात काढली, बारावी पहिल्याच. आता ती अकोल्याला नर्सिंगचा कोर्स करते. सुट्टीत दुकानात बसते. मापं आता वहीत आकड्यांनी आणि खुणांनी लिहिते, कारण वडिलांनाही सापडायला हवीत.

सगळं नीट झालं, असं मला म्हणता येत नाही. मागच्या महिन्यात ती अमरावतीला आली तेव्हा मी विचारलं, परीक्षेची भीती गेली का? ती म्हणाली, पेपर हातात आला की अजून पहिल्यांदा तेच मनात येतं, डोकं कमी हाय. ते येऊन जाऊ देते, दोन-तीन मिनिटं. मग लिहायला बसते. तीन तासांच्या पेपरातली ती दोन-तीन मिनिटं दर वेळी जातात. ती माझ्या नावावर आहेत.

हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला. तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव मी बदललं आहे, आणखीही काही बदललं आहे, ते तिने मान्य केलं. चहाची गोष्ट तिला माहीत नव्हती. ते पान तिने दोनदा वाचलं. मी वाट बघत बसले. मग तिने पेन मागितलं आणि एका वाक्याखाली रेघ मारली. दुकानातल्या प्रसंगानंतर मी लिहिलं होतं, की ही मुलगी विलक्षण हुशार आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"हे काढा," ती म्हणाली.

मी म्हणाले, अगं, यात वाईट काय आहे? खरंच आहे ते.

"तेव्हा फार मागे लिवलं, आता हुशार लिवून राहिले. ठरवून तं अजून तुमीच राहिले ना, बाई?"

ते वाक्य मी काढलं आहे.